नियमातला कांदा

माझा धाकटा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा परदेशात गेला आणि आठ दिवसांत त्याने बर्गरची आठ दुकानं पाहिली. संग्रहालय नाही, बाग नाही, नदीवरचा पूल नाही. फक्त ‘आपलं’ दुकान. एका मोठ्या बर्गर कंपनीत तो सव्वीस वर्षं तपासनीस होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण मेल्याची तपासणी काही सुटली नाही. खिशात थर्मामीटर, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ, बगलेत वही. मी बत्तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होते. थर्मामीटर माणसाला लावतात अशी माझी भाबडी समजूत. हा पावात खुपसतो.

आम्ही गेलो होतो त्याच्या लेकीकडे. भावजय गेल्यावर ही एकुलती एकच उरली. तिने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, ते एका आचाऱ्याशी. पोरगा शांत, कामसू, आपल्याच भाषेतला. पण भावाचं एकच पालुपद, मुलीने कढईवाला केला. अरे, तुझी अख्खी नोकरी कढईवाल्यांच्या जिवावर झाली ना? पण हे त्याला सांगणार कोण? म्हणजे मी सांगितलं, तीनदा. पालथ्या घड्यावर पाणी.

निघायच्या आधी भाचीचा मला फोन आला होता. “आत्या, बाबांनी फक्त एकदा त्याच्या हातचं पोटभर जेवावं. मग मला काही नको.” रडत होती पोरगी. म्हणून मी गुडघ्याला पट्टा बांधून विमानात बसले.

आणि हा? पहिल्याच संध्याकाळी जावयाने चार पदार्थ करून टेबल मांडलं, तर म्हणाला, परक्या पाण्याने माझं पोट बिघडतं, मी आपल्या दुकानातलंच खाईन, ते सगळीकडे सारखं असतं. पोराचा चेहरा पाहवेना. शेवटी भावाच्या वाटणीचंही मीच जेवले आणि दुसऱ्या दिवशी पोट माझं बिघडलं.

मग रोज एक शाखा. कुठे पावावर तीळ कमी, कुठे कागदाची घडी चुकलेली, कुठे सॉसची पुडी मागावी लागते, जी म्हणे आपल्याकडे न मागता देतात. नाकाने कांदे सोलायचे ते किती! कोणी नापास झालं की स्वारी खूश. एके ठिकाणी पेयात बर्फ जास्त वाटला, म्हणून त्याने सगळे खडे चमच्याने बाहेर काढून टेबलावर मोजले. शेजारच्या बाईने आपलं बाळ उचललं आणि ती लांब जाऊन बसली. मलाही जावंसं वाटलं, पण मी पडले सख्खी बहीण.

आता एक गोष्ट त्याला सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. जावई त्याच कंपनीच्या कोपऱ्यावरच्या शाखेत स्वयंपाकघरात कामाला होता. सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर हा पहिल्याच दिवशी वही घेऊन त्याच्या डोक्यावर जाऊन बसला असता. ती शाखा दुरुस्तीसाठी बंद आहे, अशी थाप भाचीने मारून ठेवली होती. आठव्या दिवशी, आमच्या परतीच्या आदल्या दुपारी, ती शाखा ‘उघडली’. आधी बाबा खाऊ देत, मग सांगू, असं आमचं ठरलं.

बर्गर आला. भावाने पहिला घास घेतला, आणि थर्मामीटर खिशातच राहिला. मी बघतच राहिले. मान खाली घालून त्याने तो संपवला, बोटं चाटली आणि दुसरा मागवला. सव्वीस वर्षांत त्याने दुसरा मागवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “आत जो कोणी आहे ना, त्याच्या हाताला चव आहे.”

भाचीने टेबलाखाली माझा हात दाबला आणि ती नवऱ्याला बोलवायला आत पळाली. बाई गं, दोन मिनिटं थांबली असतीस तर! कारण तेवढ्यात दुसरा बर्गर आला, आणि याने सवयीने पाव उचलून आत पाहिलं. कांदा परतलेला होता. नियमाप्रमाणे तो कच्चा हवा, गोल चकत्यांचा. वही निघाली, पेन निघालं. चव उत्तम, असं इंग्रजीत लिहिलं. त्याखाली लिहिलं की कांदा परतून पाककृती बदलली आहे, संबंधितावर कारवाई व्हावी. मी त्याचा हात धरला, लिहू नकोस म्हटलं. चव ही चव आणि नियम हा नियम, असं मलाच ऐकवून तो उठला. माझा गुडघा उठेपर्यंत त्याने कागद फाडून मॅनेजरच्या हातात दिलासुद्धा. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मॅनेजरने कागद वाचला आणि आत हाक मारली. जावई बाहेर आला, टोपी हातात घेऊन. मागे भाची, हसत हसत. कागद दिसला आणि तिचं हसू गेलं.

भाऊ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार मागे घेतो म्हणून सांगितलं. मॅनेजर सभ्य माणूस होता. लेखी तक्रार मागे घेता येत नाही, चौकशी होईपर्यंत आठवडाभर या माणसाने कामावर यायचं नाही, आणि हा नियम आमच्याकडे सगळीकडे सारखा आहे, असं त्याने समजावून सांगितलं. भावाला तो नियम पाठ होता.

जावई एवढंच म्हणाला, “कच्च्या कांद्याने तुम्हाला जळजळतं ना, बाबा. ही म्हणाली होती. म्हणून परतला.”

खरंच होतं ते. सव्वीस वर्षं हा कच्चा कांदा खात आला आणि वरून गोळ्या घेत आला, नियम मोडू नये म्हणून. मला त्याचा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, कीवही आली.

संध्याकाळी जावई नेहमीसारखा ओट्याशी उभा राहिला. भाचीने टेबलावर ताटं मांडली. तीन.

“बाबा, तुम्ही त्याच्या हातचं पोटभर जेवलात,” ती म्हणाली. “माझं मागणं संपलं. तुमचं दुकान अजून उघडं आहे.”

मीसुद्धा मध्ये पडले नाही. भाऊ उठला. मला वाटलं, निघाला वाटतं चपला शोधायला. पण तो स्वयंपाकघरात गेला, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि सुरी उचलली. जन्मभर दुसऱ्याच्या कांद्याला नावं ठेवली, स्वतः एक चिरला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कांद्याचं किती आणि त्याचं स्वतःचं किती, हे मी विचारलं नाही.

जावयाने एक चकती उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली.

“जाड होतायत, बाबा. पुन्हा करा.”

माझ्या भावाने मान हलवली आणि नवा कांदा घेतला. भाचीने चौथं ताट काढलं, पण टेबलावर आणलं नाही, ओट्यावरच ठेवलं.

चार कांदे चिरायला त्याला बावीस मिनिटं लागली. नियम चार मिनिटांचा आहे, त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. मी त्याची वही ओढली आणि बावीस मिनिटं लिहून ठेवली.