आजचं वजन

बाळांच्या वॉर्डातल्या त्या नर्सला सगळे ‘तराजू’ म्हणत, तेही तिच्या तोंडावर. बाळाचं आजचं वजन नसेल तर औषधाची बाटली उघडायची नाही, आणि डोस दोन नर्सनी वेगवेगळा काढून मगच जुळवायचा, यात ती कुणाचंच ऐकत नसे.

त्या दुपारी तिच्या आईचा फोन आला. तराजूचा स्वतःचा तान्हा मुलगा गुंड्या दूर, या आजीपाशीच होता. नोकरी इथे आणि जीव तिथे, असं तिचं चाललं होतं. गुंड्याचं अंग तापलंय, आई सांगत होती, डॉक्टरांनी तापाचं औषध दिलंय, वजनाप्रमाणे द्या म्हणाले, तर किती देऊ?

दूध पितोय ना, श्वास नीट आहे ना, हे तराजूनं शांतपणे विचारलं. बाटलीवरचा मजकूर आईकडून वाचून घेतला, डोस काढला आणि सवयीनं कागद शेजारच्या मोठ्या सिस्टरांपुढे सरकवला.

सिस्टरांनी पेन उचललंच नाही. "हे वजन कधीचं?"

वजन ती गुंड्याला सोडून इथे यायला निघाली तेव्हाचं होतं. त्यानंतर ऋतू बदलला, पोराला दात आले, आणि ही मात्र त्याला अजून तेवढाच धरून बसली होती. इतरांची लेकरं रोज तोलणारीला स्वतःचं लेकरू किती झालंय, ठाऊक नव्हतं.

तिनं आईला वजनकाट्यावर आधी गुंड्याला घेऊन आणि मग एकटीनं उभं राहायला सांगितलं. म्हातारपणी माझीही अब्रू काढलीस, आई कुरकुरली, पण उभी राहिली. दोन आकड्यांतल्या फरकावरून तराजूनं आणि सिस्टरांनी पुन्हा वेगवेगळा डोस काढला. जुळला. चमचा नको, खुणांची पिचकारीच घे, म्हणत तराजूनं आईकडून खूण मोठ्यानं वाचून घेतली. पोरानं तोंड वाकडं करत औषध गिळलं.

फोन ठेवून ती कोपऱ्यातल्या पाळण्याशी गेली. त्या बाळाचं सकाळचं वजन जवळपास गुंड्याच्या आजच्या वजनाएवढंच भरलं होतं. तिनं त्याला उचललं. हात अपेक्षेपेक्षा खाली गेले.

"पुन्हा वजन करायचंय का?" त्याच्या आईनं दारातून विचारलं.

"हो," तराजू म्हणाली, आणि त्याला तसंच धरून बराच वेळ काट्याकडे गेलीच नाही.