कळवणच्या स्टँडवर ओळखला गेलेला खुनी

किशोर निकम नाशिक रोडला राहायचा. पाण्याच्या मोटारी विकायला तालुक्यातालुक्यांत हिंडायचा आणि दरवर्षी हौसेनं कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायचा. सत्त्याण्णव साली त्याचं नशीब उघडलं. एका हिंदी मारधाडीच्या सिनेमात त्याला बऱ्यापैकी काम मिळालं. नायकाच्या भावाचा खून होतो, संशय याच्यावर जातो, आणि अख्खा सिनेमाभर माग काढत नायक शेवटी नदीकाठी याला गोळ्या घालतो. खरा खुनी निघतो नायकाचाच जिवलग मित्र. पण ते अगदी शेवटच्या रिळात. तोवर किशोर मेला म्हणून टाळ्या पिटून निम्मी माणसं चपला शोधत उठलेली असायची.

पुढच्या वर्षी याच सिनेमापायी त्याचा जीव जायची वेळ आली.

कळवणला बाजाराचा दिवस होता. किशोर नाशिकच्या एसटीतून उतरला, तर स्टँडवर हा गलका. लताबाई नावाच्या बाईच्या गळ्यातली सोन्याची पोत गेली होती. ती बाजाराची पिशवी कवटाळून रडत बसली होती. तिचा भाऊ मल्हारी लालबुंद होऊन एकेकाचं तोंड न्याहाळत होता. त्याची नजर किशोरवर येऊन थांबली.

"थांब रे. तुला पाह्यलाय मी कुठंतरी."

आपल्याला सिनेमातला म्हणून ओळखलं, असं वाटून किशोर हसला. ते हसणंच नडलं.

"हसतो कसा बघा! लय बेकार माणूस हाय हा. खून केलाय यानं!"

"अहो दादा, तो सिनेमा..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. थपडा बसल्या, मग लाथा. चेहरा सगळ्यांनाच ओळखीचा वाटत होता. कुठं पाहिला ते आठवेना, पण यानं काहीतरी वाईट केलंय एवढं मात्र पक्कं आठवत होतं. किशोरची भुवई फुटली, रक्त डोळ्यात ओघळलं. आपण इथंच संपणार, असं त्याला वाटून गेलं.

"अरं, नका मारू त्याला!"

डोक्यावरचं बोचकं फेकून एक बाई गर्दीत घुसली आणि त्याच्या अंगावर आडवी झाली. कनाशीच्या पुढच्या पाड्यावरची भागीबाई. दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जायची, तिकडूनच घरी निघाली होती.

"हा दिंडोरीपासून माझ्या मागल्या शिटावर व्हता. आत्ता माझ्यासंगं उतरला. पोत कवा गेली?"

"झाला की अर्धा तास," कुणीतरी म्हणालं.

"मंग? यष्टीतून हात लांब केला का यानं?"

"तू काय त्याच्याकडंच बघत बसली होतीस?" मल्हारी खेकसला.

"हा, बसलेली! बागवाल्यानं आम्हाला व्हिडिओवर शिनेमा दावला. त्यात याला फुकट मारला. काय केलं नव्हतं बिचाऱ्यानं. मला भाकर गोड लागली नाय. आज यष्टीत जिता दिसला, तर वळूवळू बघत आले. इचार कंडक्टरला."

कंडक्टरनं मान डोलावली. "खरंय. गाडी लागून पाच मिनिटं झाली नाहीत."

उगारलेले हात खाली आले. लताबाई उठायला गेली, पिशवी कलंडली, आणि मेथीच्या जुडीत अडकलेली तुटकी पोत फरशीवर पडली. कुणी चोरलीच नव्हती.

दवाखान्यात भुवईला टाके पडत होते. फौजदार म्हणाले, "तक्रार द्या. एकेकाला आत घेतो." किशोरच्या डोक्यात सूड घणघणत होता. मल्हारीला याच स्टँडवर, याच लोकांपुढं तुडवलेलं बघायचं होतं त्याला. मल्हारी आपली जीप दारापुढं लावून बाहेर पायरीवर मान खाली घालून बसला होता.

भागीबाई मात्र शेजारी होती. तिची कनाशीची शेवटची गाडी कधीच निघून गेली होती. किशोरची बॅग मांडीवर घेऊन ती त्याला गडव्यानं पाणी पाजत होती.

"शिनेमात गोळ्या लागल्या, तवा दुखलं का रं?" तिनं हळूच विचारलं.

किशोर हसला. टाके ओढले गेले, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडून झालं तेव्हा मल्हारीला तुडवायची इच्छा कुठं गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

तो बाहेर आला. मल्हारी हात जोडून उभा राहिला.

"चुकलो भाऊ. काय शिक्षा द्यायची ती द्या."

"जीप आहे ना तुमची? या बाईंना घरापर्यंत सोडून या. माझ्यापायी त्यांची गाडी चुकली."

मल्हारीनं भागीबाईचं बोचकं स्वतः उचलून जीपमध्ये ठेवलं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला किशोर लुगडं घेऊन पाड्यावर पोचला. आभार कसे मानायचे ते त्यानं वाटेत चांगलं घोकलं होतं. पण भागीबाईनं ओवाळलं, तेव्हा तो नाटकवाला माणूस घोकलेलं सगळं विसरला. तो नुसता तिच्या पाया पडला. तिचा नवरा पुंजा त्याला हाताला धरून जेवायला घेऊन गेला. नागलीची भाकर, उडदाचं भुजं. सिनेमातला चेहरा ओळखून जमलेल्या बायका कुजबुजत होत्या, तशी चुलीपुढून भागीबाई म्हणाली, "बघा गं नीट. माझा भाऊ हाय."

किशोरनं आणखी एक भाकर मागून घेतली.