ढिल्या स्क्रूचा रणगाडा

आमच्या भावजींनी रणगाडा बांधायला घेतला तेव्हा मी सरळ विचारलं होतं, "कोणाशी लढाई काढलीत?" चाळिशीला टेकलेला माणूस, वजनकाटे तपासणारा अधिकारी, दुकानदार ज्याला बघून काट्यावरची धूळ पुसायला लागतात; पण माझ्या प्रश्नावर त्यांच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या. मी काय ओळखायचं ते ओळखलं. समोरच्या दारात चष्मेवाली राहते.

चष्मेवाली म्हणजे एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवणारी. एकटी राहते, मोजकं बोलते आणि हसली की दिलखुलास हसते. एकदा लिफ्टमध्ये तिने भावजींच्या हातातलं खेळण्यातली मॉडेलं बनवायचं मासिक पाहिलं आणि म्हणाली, "लहानपणी माझ्या भावाकडे रिमोटवर चालणारा रणगाडा होता. मला मेल्याने कधी हात लावू दिला नाही." यावर चारचौघांसारखा माणूस 'अरेरे' म्हणाला असता. आमचे भावजी म्हणाले, "मी तुम्हाला बनवून देतो."

घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, रणगाडा द्यायला जाईन ना, तेव्हाच बोलेन." काय बोलणार ते विचारायची गरज नव्हती. मी त्यांना माझं जेवणाचं टेबल देऊन टाकलं आणि आम्ही तिघं मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. तिघं म्हणजे मी, भावजी आणि आमचे हे. हे बस चालवतात. दिवसभर हॉर्न ऐकून घरी येतात आणि मग त्यांना माणसाचा आवाजही नको असतो. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माझ्या बडबडीला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे भावजी.

रणगाडा उभा राहिला झकास. पण चालायचं नाव घेईना. पहिल्या दिवशी रिमोटची दांडी पुढे ढकलली तर गडी जागच्या जागी गरगर फिरायला लागला. एका बाजूच्या मोटारीच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. एक पट्टा पुढे, एक मागे. त्या सुलट केल्या. मग वळताना पट्टा चाकांवरून निसटून पडायचा. भावजींनी मागचं चाक केसभर मागे घेऊन पट्टा ताणला. मग तोफ आपोआप थरथरायला लागली. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "हिला तुमच्यासारखंच होतंय, चष्मेवाली दिसली की." भावजी हसले नाहीत. मोटारीमुळे सिग्नलमध्ये गडबड होते म्हणाले, आणि मोटारीच्या टोकांना कसल्याशा बारक्या चकत्या डाग देऊन बसवल्या. तोफ शांत झाली. मी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," ते म्हणाले, "अजून तपासणी बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी डावा पट्टा ओढेना. मोटार आत घुं घुं करत होती, पट्टा ढिम्म. भावजींनी वरचं झाकण काढून दाखवलं. मोटारीच्या दांड्यावर एक गिअर, आणि तो घट्ट धरून ठेवणारा तिळाएवढा स्क्रू. तो सैल झाला होता. "धक्क्यांनी होतं असं," ते म्हणाले. घट्ट केला. पुढच्या दिवशी पुन्हा सैल. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. हे असं चाललंच. पॅसेजमध्ये चष्मेवाली भेटली की विचारायची, "कुठवर आलं सैन्य?" आणि भावजी जमिनीकडे बघत म्हणायचे, "एक बारीकसा बिघाड आहे."

आणि मग एके दिवशी तिनेच बातमी दिली. तिच्या दुकानाची दुसऱ्या शहरात नवी शाखा निघत होती आणि ती तिच्या हाती द्यायचं ठरलं होतं. रविवारी सामानाचा ट्रक येणार होता. हे सांगताना ती माझ्याशी बोलत होती आणि बघत होती भावजींकडे. भावजी म्हणाले, "अभिनंदन." वर आणखी म्हणाले, "ट्रकमध्ये काचेचं सामान उभं ठेवा." मला तिथल्या तिथे त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी मी स्वतःच स्क्रू घट्ट केला आणि त्यावर माझं लाल नेलपॉलिश थापलं. वजनकाट्याला सील लावतात म्हणे, की कोणी हात लावला तर कळावं. मला तसलं काही कळून घ्यायचं नव्हतं. स्क्रू जागेवर राहावा एवढंच. रविवारी सकाळी भावजी आंघोळीला गेल्यावर झाकण उघडून पाहिलं. स्क्रू सैल, आणि त्याच्या खाचेतलं नेलपॉलिश स्वच्छ कोरून काढलेलं.

आता धक्क्याने स्क्रू सैल होतो हे मी मान्य करते. पण धक्का काही खाचेत टोक घालून नेलपॉलिश कोरत नाही. आमच्या ह्यांच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांना घरातला स्क्रूड्रायव्हर कुठे असतो हेसुद्धा माहीत नाही. मी नव्हे. उरलं कोण? बाथरूममध्ये गाणं गुणगुणणारा तो साळसूद!

मला असा संताप आला म्हणता! खाली ट्रक येऊन उभा होता. समोरच्या दारातून खोकी बाहेर निघत होती. मी स्क्रू आवळला आणि चटकन चिकटणाऱ्या डिंकाची ट्यूब त्यावर पिळली. पट्टा ओढतोय ना, हे बघायला स्विच चालू केला, रिमोट दाबला. उत्तम! मग झाकण बसवलं आणि पुन्हा कोणाला उघडायची बुद्धी होऊ नये म्हणून त्याच्या चारी कडांना डिंक लावला. रागाच्या भरात झाकणाच्या स्क्रूंवरही लावला. सगळ्या बाजूंनी बंदोबस्त केला.

भावजी टॉवेलने डोकं पुसत आले. रणगाड्याचा लाल दिवा लागलेला पाहून त्यांनी सवयीने स्विच बंद करायला बोट लावलं. स्विच हलेना. त्यांनी वाकून पाहिलं, नाकाने वास घेतला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, काय केलंत?"

"मजबूत केला."

"स्विचमध्ये डिंक गेलाय. चालू आहे तसाच चिकटला."

"मग बॅटरी काढा."

"बॅटरी आत आहे." त्यांनी झाकणाला नख लावलं, चाकूचं टोक लावलं. डिंक पक्का होता. "आता ही अशीच उतरत राहणार. आणि ही बॅटरी एकदा पार उतरली की मरते, पुन्हा चार्ज घेत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जे काही चालायचं ते हा आत्ताच चालणार. नंतर नाही."

खरं सांगते, हे मी ठरवून केलं नव्हतं. पण ठरवून केल्यासारखा चेहरा मी ताबडतोब केला.

"छान," मी म्हटलं. "मग निघा."

"पण वळताना तो अजून जरासा..."

"भावजी, नेलपॉलिश कोणी खरवडलं?"

ते स्टुलावर बसले. टॉवेल दोन्ही हातांनी पिळत राहिले, जणू त्यात अजून बादलीभर पाणी होतं. मला वाटलं होतं, पकडल्यावर हसतील. ते हसले नाहीत.

"हा अपुरा आहे तोवर ती नाही म्हणू शकत नाही ना," ते हळूच म्हणाले. "भेटली की विचारते तरी. मला तेवढंही पुरत होतं, वहिनी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण तो गेलाय हे दाखवायची ती वेळ नव्हती. "ती ट्रकमध्ये बसली की विचारणार कोण?" मी म्हटलं. "उठा. शर्टाची बटणं लावा."

आमचं दार उघडलं. समोरचंही उघडंच होतं, आत खोक्यांच्या चळती. रणगाडा पॅसेजमध्ये ठेवला. भावजींनी दांडी पुढे ढकलली आणि तो निघाला, पट्टे खडखडवत, तोफ सरळ, एकदाही न थरथरता. तिच्या उंबऱ्याशी त्याने नाक वर केलं, क्षणभर अडला आणि धप्पकन आत उतरला. मग खोक्यांच्या मध्ये शिरून दिसेनासा झाला.

"आता दिसत नाही," भावजी कुजबुजले. "परत आणू?"

"खबरदार!"

त्यांनी तरी दांडी मागे ओढलीच. आतून काहीतरी धडाधड कोसळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चष्मेवालीचा, "अगं आई! हा माझ्या पायावर चढतोय!"

भावजी एक पाऊल मागे आले. मी त्यांच्या पाठीत दोन्ही हात लावले, रिमोटसकट त्यांना पॅसेजमध्ये ढकललं आणि आतून कडी घातली. मग दाराला कान लावला. याला कोणी वाईट सवय म्हणेल. म्हणोत.

आधी नुसतं तिचं हसणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "झाला तर शेवटी!"

"केव्हाच झाला होता," भावजी म्हणाले. "मीच रोज एक स्क्रू ढिला करत होतो."

"तुम्ही? का?"

"झाला असता तर द्यावा लागला असता. आणि देताना बोलावं लागलं असतं."

"आधी तो रिमोट इकडे द्या," ती म्हणाली. थोडा खडखडाट झाला. खोक्यावर आपटल्याचा आवाज, पुन्हा खडखडाट. मग तिचा आवाज एकदम वेगळा आला. "हं. दिलात. आता बोला."

भावजी बोलले. पण इतक्या हळू की मला एक अक्षर कळेल तर शपथ. भल्याभल्या व्यापाऱ्यांना दरडावणारा हा माणूस, आणि ऐन वेळी आवाज गेला पाताळात! मी दुसरा कान लावून पाहिला. त्यानेही ऐकू येईना. रणगाड्याची घरघर मंद मंद होत गेली आणि बंद पडली. बॅटरी मेली असणार. आता तरी ऐकू येईल म्हणून मी श्वास रोखला.

"तिकडेही," चष्मेवाली म्हणाली, "वजनकाटे तपासायला माणूस लागत असेल ना?"

"लागतो," भावजी म्हणाले. "बदली मागता येते."

"मग मागा की."

मी आनंदाने उडीच मारली. दाराआड स्वतःलाच टाळी दिली. जिंकलो! माझ्या एका ट्यूबने जे झालं ते यांच्या इतक्या तपासण्यांनी झालं नव्हतं. आणि मग ती 'बदली' माझ्या डोक्यात शिरली. बदली म्हणजे तिकडे. म्हणजे इथे नाही. म्हणजे उद्यापासून मी चिडवणार कोणाला, आणि संध्याकाळी कोणाच्या चपलांचा आवाज आला की चहा टाकणार? मला त्यांचं लग्न हवं होतं. त्यांचं जाणं मला नको होतं, आणि ही दोन वेगळी नाहीत हे मला स्क्रूवर डिंक पिळताना सुचलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"वहिनी," भावजींचा आवाज असा काही फुलला होता की बस. "दार उघडा ना. आम्ही दोघं आलोय."

मी पदराने तोंड पुसलं. पुन्हा ओलं झालं. या अवतारात दार उघडायची माझी तयारी नव्हती. कडी चांगली सरकत होती. मी ती तशीच धरून ठेवली.

"कडी अडकलीय भावजी," मी म्हटलं. "हलतच नाहीये."

ते वजनं तपासणारे, आवाजातलाही फरक त्यांना कळतो.

"असू दे," ते म्हणाले. त्यांचाही आवाज आता पहिल्यासारखा नव्हता. "सावकाश काढा. बारीकसाच बिघाड असेल. आम्ही थांबतो."