आन्सेल्मचं सत्तावीस

पॅरिसहून ऑर्डर आली तेव्हा बार्थेलेमीने आन्सेल्मच्या टकलाचा चक्क मुका घेतला. भुशाने भरलेल्या मिशांचा मुका तो! आन्सेल्मने खिशातून रुमाल काढून डोकं पुसलं.

"अरे, घरी बायको आहे ना तुला?"

"तिनेच पाठवलाय!" बार्थेलेमी ओरडला. "चार महिने नवरा घरात बसलाय. माझं तोंड बघून बघून विटलीय बिचारी."

बार्थेलेमी आमच्या सुतारखात्याचा मुकादम. बेर्रच्या तळ्याकाठी वेरदाल मालकांचा समुद्री विमानांचा कारखाना होता आणि चौतीस सालच्या जूनपासून त्यात करवत चाललेली नव्हती. साठ सुतार घरी. आम्ही नकाशे काढणारे चौघे तेवढे टेबलं राखत बसलेलो. आणि आता ऑक्टोबरात ही ऑर्डर. नौदलासाठी तीन इंजिनांचं, चार माणसांचं, बॉम्ब टाकणारं समुद्री विमान. नमुन्याचं एकच, पण तेवढ्याने वर्षभर चूल पेटणार होती.

आन्सेल्मने चष्मा चढवून कागद वाचायला घेतला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. पुन्हा वरून वाचला. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"सिप्रियाँ, नंबर बघ."

मी बघितलं. 'वेरदाल सत्तावीस', आणि पुढे मंत्रालयाची अक्षरं.

"सत्तावीस कसं? हे तर आपलं चव्वेचाळीस!"

"मंत्रालयाला पाठवलेल्या अर्जाच्या पहिल्या पानावर मीच तसं लिहिलं असणार," तो म्हणाला. आवाज असा की बार्थेलेमीचंसुद्धा हसू थांबलं.

आता हे बाहेरच्या माणसाला काय कळणार! आमच्याकडे विमानापुढची अक्षरं मंत्रालयाची असत. विमानाचं काम काय आणि त्यात माणसं किती, ते त्या अक्षरांवरून कळे. पण आकडा आमचा. कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी आकडा घ्यायचा. आन्सेल्म हिरव्या पाठीची मोठी वही उघडणार, तारीख घालणार, एका ओळीत विमानाचं वर्णन लिहिणार आणि तुम्हाला आकडा देणार. तो न घेता रेघ मारलीत तर ती रेघ कारखान्याची नाही, तुमच्या घरची. एकदा दिलेला आकडा पुन्हा कुणाला मिळत नसे. मग ते विमान उडो, बुडो, नाहीतर कागदावरच राहो. चव्वेचाळीस आकड्यांतली पाण्याला लागलेली विमानं उणीपुरी अकरा. बाकीची सगळी वहीत. आम्ही दिवससुद्धा त्या आकड्यांनीच मोजायचो. माझं लग्न एकतिसाच्या वेळचं. बार्थेलेमीची थोरली झाली ती तेविसाचं सुकाणू तुटलं त्या आठवड्यात. कुणाला साल विचारलं तर डोकं खाजवायचा, आकडा विचारला की फाडकन सांगायचा.

आणि सत्तावीस होतं आन्सेल्मचं.

सव्वीस सालच्या फेब्रुवारीत मालकांनी त्याला म्हटलं होतं, "बूरेली, एक तुम्ही काढून बघा." दोन माणसांचं, एका इंजिनाचं, टेहळणीचं विमान. लाकडी, बोटीसारख्या पोटाचं. चौदा महिने तो त्यात बुडाला होता. एकूण ब्याऐंशी नकाशे. मी त्या वेळी नवा होतो, त्याच्या रेघा मेणकापडावर शाईने गिरवायचो. मनापासून सांगतो, तसं पोट मी पुन्हा कुणाच्या हातून उतरलेलं पाहिलं नाही. पुढे काही वर्षं पॅरिसला धातूचीच विमानं हवीशी झाली आणि सत्तावीसची फाइल बंद झाली. आन्सेल्मने ना आदळआपट केली, ना नवीन काम मागितलं. त्याने मागितली ती वही आणि नकाशांची कपाटं. तेव्हापासून तो आकडे द्यायचा. टीपकागदावर, पेन्सिलीच्या डबीवर, कुठेही, त्याचा हात रिकामा असला की सत्तावीस उमटायचा. अर्जाच्या पहिल्या पानावर तोच उमटला. बाकी अकराही पानांवर चव्वेचाळीस बरोबर होता. टपाल चारला निघायचं होतं. तपासायला पानं माझ्याकडे आली होती, मीही डोळे फिरवून 'ठीक' म्हटलं. मला कसं खटकणार? आमच्या टेबलावर सत्तावीस रोजचाच! पण ते राहू दे. चुकलो तो चुकलोच.

मालकांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बसा, बूरेली. मी पॅरिसला फोन केला होता."

"मग?"

"म्हणतात, सात टेबलांवर सह्या झाल्यात. नंबर बदलायचा तर फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. आणि मंजुरी डिसेंबरअखेर संपते." मालकांनी टेबलावरचा कागदकापा उचलला आणि परत ठेवला. "गुरुवारी निरीक्षक येतोय. वही मागेल. वहीत सत्तावीसपुढे एक इंजिन, दोन माणसं असं दिसलं तर म्हणेल, ऑर्डर वेगळ्याच विमानाची आहे. गेलं मग सगळं."

मग मालकच म्हणाले, "मी एक सुचवू? अदलाबदल करा. तुमचं ते चव्वेचाळीस करून टाका. आकडा काय, हा काय नि तो काय, बूरेली. वहीत तर राहील."

"नाही मालक," आन्सेल्म म्हणाला. "ते सव्वीस साली जन्मलं. चव्वेचाळीस म्हणजे यंदाचं. आठ वर्षं उशिरा जन्मलं असं लिहू? ब्याऐंशी नकाशांवर सत्तावीस आहे, ते काय म्हणतील मला? राहायचं तर खरं राहू दे. नाहीतर नको."

"म्हणजे तुम्ही नाही म्हणताय?"

"मला दुपारपर्यंत वेळ द्या."

खाली मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतार जमले होते. कुणी बोलावलं नव्हतं, बातमी ऐकून आपणहून आलेले. पटाशा घासत होते, कुणीतरी गात होतं. कुणाच्या तरी तोंडून हे प्रकरण त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण आन्सेल्म दारात दिसल्यावर गाणं थांबलं. बार्थेलेमी टोपी हातात घेऊन पुढे आला. त्या गड्याला टोपी काढताना मी चर्चमध्येही क्वचितच पाहिलं असेल.

"आन्सेल्म, हे बघ. आम्ही काय, आणखी थोडं थांबू शकतो."

"किती?"

"थोडं."

"बार्थेलेमी, गेल्या आठवड्यात तू तुझा रंधा विकायला काढलास. बापाचा रंधा. मला लिओंतीनने सांगितलं."

"तुझी बायको पण ना! गावभर डोळे आहेत तिला."

"मग खोटं कशाला बोलतोस?"

बार्थेलेमीने टोपी डोक्यावर ठेवली. "तुझं विमान मी बघितलं होतं रे," तो म्हणाला. "पोटाचा साचा मीच लावायला घेतला होता. अक्रोडाचं लाकूड काढून ठेवलं होतं मी त्याच्यासाठी." आणि नाक शिंकरत तो पटाशीकडे वळला.

दुपारी आन्सेल्मने टेबलावर वही उघडली. आमच्यात चुकीची रेघ खोडायची असली की दाढीच्या पात्याने शाई खरवडत. पातं आडवं धरायचं, श्वास रोखायचा, कागदाचा फक्त वरचा पापुद्रा निघाला पाहिजे. मग ती जागा नखाने घोटायची, म्हणजे नवी शाई फुटत नाही. हे काम आन्सेल्मइतकं साफ कुणालाच जमायचं नाही. कित्येक वर्षं आमच्या सगळ्यांच्या चुका त्यानेच खरवडल्या होत्या.

"मी करू का?" मी विचारलं.

"तू भोक पाडशील."

खरंच होतं ते. त्याने आधी तारीख खरवडली. मग 'टेहळणी', मग 'दोन माणसं', मग 'एक इंजिन'. शेवटी स्वतःचं नाव. वीस मिनिटं लागली. मध्ये एकदा थांबून त्याने पातं बदललं. मग घोटलं, उजेडात तिरकं धरून बघितलं, आणि त्याच्या त्या सुरेख उभ्या अक्षरात तिथे नवं वर्णन लिहिलं. तीन इंजिनं, चार माणसं. मला रडू आलं. त्याला नाही. तो म्हणाला, "शाई वाळू दे, हात लावू नकोस."

गुरुवारी निरीक्षक आला, वहीवर बोट ठेवून सत्तावीसची ओळ वाचली आणि म्हणाला, "काय अक्षर आहे! आमच्याकडे असं कुणी नाही." चव्वेचाळीसपुढची ओळ तो यायच्या आधीच खरवडून साफ झाली होती. तिथे मालकांनी नव्या तराफ्यांचं काहीतरी काम टाकलं. जुने ब्याऐंशी नकाशे कपाटात ठेवणं धोक्याचं होतं. मालक म्हणाले, घरी न्या. आन्सेल्मने सायकलच्या दांडीला गुंडाळ्या बांधल्या आणि तीन फेऱ्यांत नेल्या.

त्याच शनिवारी लिओंतीनने मला भर बाजारात, मासेवालीच्या पुढ्यात गाठलं. आन्सेल्मची बायको अंगाने एवढीशी, पण तोंड उघडलं की मिस्त्राल वाराही वाट देईल.

"तुम्ही तपासलं होतं ना ते पान?"

"हो वहिनी."

"आणि दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

"दोघंही गाढव! एक लिहितो, दुसरा डुलक्या काढतो. चौदा महिने माझ्या जेवणाच्या टेबलावर ते विमान होतं, सिप्रियाँ. सूप थंड व्हायचं, हा पंख मोजायचा. आम्हाला मूलबाळ नाही, ठाऊक आहे तुम्हाला." मग मासेवालीकडे वळून, "तू काय ऐकतेस गं? कॉड तोल!" ती निघून गेली. मी तिथेच उभा.

पुढचं अख्खं वर्ष कारखाना धडधडत राहिला. काय दिवस होते ते! सकाळी भोंगा व्हायच्या आधी साठ सायकली भिंतीला टेकलेल्या, सगळीकडे ताज्या वार्निशाचा वास, दुपारी तळ्याकाठी पाव आणि खारवलेली अँचोवी मासळी. आज कारखान्याच्या जागी काही नाही, गवत आहे. पण डोळे मिटले की मला तो वास येतो. आन्सेल्म त्या वर्षात रोज यायचा, आकडे द्यायचा. पंचेचाळीस, शेहेचाळीस. टीपकागद मात्र कोरे असायचे. मी मुद्दाम बघायचो.

पस्तीसच्या सप्टेंबरात विमान पाण्यात सोडलं. आमच्याकडे त्या दिवशी बायका-मुलं सगळी यायची, टोपल्या घेऊन, जत्राच. दोन दिवस तरंगवून, इंजिनं तापवून झाल्यावर रविवारी सकाळी पहिलं उड्डाण. शेपटीवर पांढऱ्या रंगात कारखान्याचं नाव आणि खाली सत्तावीस. माझ्याकडे घड्याळ दिलं होतं आणि एक छापील कागद. पाण्यावर धावायला लागल्यापासून हवेत उठेपर्यंत किती सेकंद, ते लिहायचं.

लिओंतीन आली होती. येणार नाही म्हणाली होती, तरी आली, आणि बांधावर चादर पसरून तळ्याकडे पाठ करून बसली.

"वहिनी, विमान तिकडे आहे," बार्थेलेमी म्हणाला.

"मला माहीत आहे कुठे आहे ते. मी जेवायला आलेय."

"अहो, सगळं गाव बघतंय."

"गावाला बघू दे! माझ्या घरचं नाही ते."

आन्सेल्म दोन मिनिटं उभा राहिला. त्याला बघायचं होतं, माणूस होता तो. हाताखालून गेलेलं एकही विमान त्याने उठताना चुकवलं नव्हतं. त्याने एकदा शेपटीकडे बघितलं, एकदा बायकोच्या पाठीकडे. मग तिच्याजवळ बसला, तिच्यासारखाच पाठ करून. तिने त्याच्या हातात उकडलेलं अंडं दिलं. मी त्यांच्या शेजारी घड्याळ घेऊन उभा होतो.

तिन्ही इंजिनं एकदम ओरडली. विमान पाणी फाडत निघालं. मी घड्याळ दाबलं. ते धावलं, धावलं, पोट पाण्याला चिकटलेलं, सुटता सुटेना. सुतार ओरडायला लागले, "ऊठ! अगं ऊठ!" आन्सेल्म मान खाली घालून अंडं सोलत होता, पण त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. आणि मग एकदम पाण्याची रेघ तुटली. टोप्या हवेत गेल्या. बार्थेलेमी लहान पोरासारखा रडायला लागला.

"उठलं?" आन्सेल्मने विचारलं.

"उठलं."

"सव्वीस सेकंद?"

मी घड्याळ बघितलं. "सव्वीस."

लिओंतीनने टोपलीतून मिठाची पुडी काढली, सोडली, त्याच्यापुढे धरली. विमान आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा तिने वर बघितलं नाही.

"आणि आपलं?" तिने विचारलं.

आन्सेल्मने अंडं मिठात बुडवलं. "आपलं एकोणीस. कागदावरच्या हिशोबाने, वारा नसताना." मग लगेच म्हणाला, "पण आपलं हलकं होतं गं. एकच इंजिन. दोघांची तुलना करणं बरोबर नाही."

"मी तुलना कुठे करतेय?" ती म्हणाली. आणि शेडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "सिप्रियाँ, ऐकलंत ना? लिहा."

मी पेन्सिल काढली आणि त्या छापील कागदावर, सव्वीसच्या खाली, एकोणीस लिहिलं.