मोहरीएवढे ठिपके

पंधरा वर्षं झुरळं मारण्यात घालवलेल्या माणसाला सासूबाईंची भीती वाटावी हे कुणाला पटणार नाही, पण पेस्टवाल्यांना वाटायची. पेस्टवाले म्हणजे पेस्ट कंट्रोलवाले. एवढं लांबलचक म्हणायला गल्लीत कुणाला वेळ नव्हता, म्हणून शेपूट गळालं. त्यांच्या स्कूटरच्या पुढच्या बाजूला एक उताणं झुरळ रंगवलेलं होतं, सहाही पाय वर, आणि त्याखाली फोन नंबर. शहर असं दमट की डब्यातल्या मिठाला पाणी सुटे, कपाटातल्या बुटांना बुरशीच्या मिशा फुटत आणि काड्यापेटीतल्या दहा काड्या ओढाव्यात तेव्हा एक पेटे. अशा हवेत माणसं वाळतात आणि झुरळं बाळसं धरतात. पेस्टवाल्यांचं बरं चाललं होतं.

सासूबाईंचं म्हणणं मात्र लग्न ठरल्यापासून एकच होतं. "जो माणूस दिवसभर झुरळांत वावरतो, तो संध्याकाळी एखाददुसरं घरी घेऊन येणारच. पिठाच्या गिरणीत काम करणारा पांढरा होऊन येतो की नाही?" त्या बसने दीड तासाच्या गावी एकट्या राहत. स्वच्छतेचा त्यांचा एवढा दरारा होता की कुणाकडे चहाला गेल्या, तर यजमानणीच्या देखत कपाचा कान रुमालाने पुसून घेत, आणि यजमानीण उलट "थँक्यू" म्हणे. मुलीचं लग्न त्यांनी होऊ दिलं, पण तिच्या घरात सात वर्षांत पाऊल टाकलं नाही. जावयाशी त्या थेट बोलतही नसत. फोन त्यानेच उचलला तरी, "तिला म्हणावं, आईचा फोन आहे," एवढंच, तेही कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाला सांगितल्यासारखं.

आणि एका सोमवारी त्यांचा फोन आला. स्वयंपाकघराला रंग द्यायचाय, आठ दिवस येते तुझ्याकडे, त्या लेकीला म्हणाल्या. "पण आधीच सांगून ठेवते. एक झुरळ दिसलं, की त्याच पावली परत. मग मला पुन्हा बोलवायचं नाही."

बायकोने फोन ठेवला आणि ती खुर्चीत बसूनच राहिली. तिला फार काही नको होतं. आईने आपल्या टेबलाशी बसावं, आपल्या हातचं खावं आणि "मीठ कमी आहे" म्हणावं, बस. सात वर्षं ती ह्या एका टोमण्याची वाट पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "जमेल ना?"

"अगं, मी पंधरा वर्षं काय गवत उपटतोय?" पेस्टवाले म्हणाले, आणि आतून त्यांचं धाबं दणाणलं.

त्यांनी सिंकच्या पाइपाभोवतीचं भोक बुजवलं. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी ठोकली. फ्रिजखाली, डब्यांमागे, ओट्याच्या कोपऱ्यात चिकट कागद ठेवले, त्यांवर तारीख घातली, आणि रोज सकाळी टॉर्च घेऊन पोटावर पालथं पडून ते कागद तपासले. शून्य. एक मुंगी सापडली, तिचीही त्यांनी नोंद केली. मग बिजागऱ्यांत आणि खणांच्या कडांना सिरिंजने औषधाचे ठिपके लावले. पिवळट, मोहरीएवढे. झुरळ ठिपका खातं, बिऱ्हाडी परततं, मरतं, आणि त्याला खाऊन बाकीची मरतात. अट एकच, ठिपका जागेवर राहिला पाहिजे. "ठिपके पुसायचे नाहीत" हे वाक्य पेस्टवाले पंधरा वर्षं घरोघर सांगत आले होते, आणि त्यांची निम्मी गिऱ्हाइकं ते पुसून पुन्हा त्यांनाच बोलवत.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर घरचे सगळे ठिपके गायब.

"घाण दिसत होती, म्हणून पुसली," बायको म्हणाली.

"अगं, ती घाण नाही, ती माझी विद्या आहे!"

"मग तुमची विद्या जरा दिसणार नाही अशी लावा."

त्यांनी निमूटपणे खणांच्या आतून, उलट्या बाजूने, पुन्हा ठिपके लावले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नव्हे.

सासूबाई शनिवारी दुपारी आल्या. एक पिशवी, एक छत्री, आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड, जे त्यांनी अख्ख्या प्रवासात मांडीवर धरलं होतं. तो त्यांचा मिक्सर. दुसऱ्याच्या मिक्सरचं वाटण त्यांना चालत नसे. मिक्सर ओट्यावर ठेवून त्यांनी छत्री तशीच हातात धरून घराची पाहणी केली. सिंकखाली वाकल्या. फ्रिज पुढे ओढायला लावला. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून ते उजेडात धरलं. पेस्टवाले मागेमागे फिरत होते, शाळा तपासायला साहेब आल्यावर हेडमास्तर फिरतो तसे. शेवटी त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, पाणी दे."

बायकोने ग्लास दोनदा विसळून, भरून दिला. सासूबाईंनी ग्लासाची कड पुसली, पण पाणी प्यायल्या. पेस्टवाल्यांचा जीव भांड्यात पडला. तो जेमतेम सोळा तास तिथे राहिला.

रविवारी सकाळी तिघांचे कप टेबलावर मांडलेले, बायको आत चहा उकळतेय, सासूबाई चष्मा पुसताहेत, आणि साखरेच्या डब्यामागून एक झुरळ बाहेर आलं. घाई नाही, गडबड नाही. फिरायला निघालेल्या पेन्शनरासारखं टेबलाच्या मध्याकडे चालू लागलं. पेस्टवाल्यांनी आपला कप उचलला आणि त्याच्यावर पालथा घातला.

सासूबाईंनी चष्मा लावला. "अगं," त्या आत बघून म्हणाल्या, "त्यांना विचार, कप पालथा का घातलाय?"

"चहा झाला की पालथा घालायची सवय आहे माझी," पेस्टवाले म्हणाले.

"त्यांना सांग, चहा अजून ओतलेला नाही."

"आज नकोच मला. पित्त झालंय."

"मग तो कप मला दे म्हणावं. माझ्या कपाचा टवका उडालाय."

पेस्टवाल्यांच्या कपाळावर घाम आला, आणि त्या हवेत तो कुणाच्या ध्यानात येणार नाही एवढाच काय तो फायदा. त्यांनी कप टेबलावरूनच सरकवत कडेपर्यंत आणला, खाली तळहात धरला, झुरळ कपासकट मुठीत घेतलं आणि, "धुऊन आणतो," म्हणत स्वयंपाकघरात पळाले. तळहातावर सहा पायांच्या गुदगुल्या होत होत्या. हसू येत होतं आणि रडूही.

आत त्यांनी झुरळ काचेच्या ग्लासाखाली घातलं आणि वाकून पाहिलं. मग आणखी वाकून पाहिलं.

"अगं," ते कुजबुजले, "हे आपलं नाही."

"झुरळांत आपलं-परकं असतं?" बायको रडकुंडीला आली होती.

"असतं! आपल्या इमारतीत निघालीच तर गटारातली निघतात, मोठी, तांबडी. हे बघ, नखाएवढं, मानेमागे दोन काळ्या रेघा. ही जात पाइपातून येत नाही. सामानातून येते. उबदार मोटार दिसली की तिच्यात संसार थाटते."

दोघांनी एकदमच ओट्याकडे पाहिलं. पेस्टवाल्यांनी मिक्सर कलता करून खालच्या जाळीत टॉर्च मारला. आत अख्खी वसाहत होती. आजोबा, नातवंडं, बाळंतिणी, सगळी उजेडाने दचकून मिशा हलवत होती.

पेस्टवाल्यांना आधी आनंद झाला, हे कबूल केलंच पाहिजे. सात वर्षं ऐकलेल्या प्रत्येक टोमण्याचं उत्तर हातात होतं, तेही जिवंत. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! मिक्सर तसाच उचलून सासूबाईंच्या पुढ्यात आदळावा असं त्यांच्या मनात आलं.

"सांगू नका हो," बायको म्हणाली. "शरमेनं ती पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर 'त्याच पावली परत' आहेच."

बायकोचे डोळे भरून आले होते आणि चहा उतू जात होता. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या, आणि मिक्सरमधून दुसरं झुरळ उतरून ओट्यावर ऐन मधोमध येऊन थांबलं. तिघांनीही ते पाहिलं. त्यानेही तिघांना पाहिलं.

"दिसलं," सासूबाई म्हणाल्या.

पेस्टवाल्यांनी मिक्सर हळूच सरळ केला. बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पंधरा वर्षांच्या अब्रूवर स्वतःच्या हाताने पाणी सोडलं.

"तुमचं खरं होतं, आई," ते म्हणाले. "माझ्याच पिशवीतून आलं असणार. कामावरून येताना. तिचा काही दोष नाही. घर तिने आरशासारखं ठेवलंय."

भांडायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्याने एकदम कबुली दिली की कसं हवेत पाऊल पडतं, तसं सासूबाईंचं झालं. त्या ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या. हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तुमची पिशवी काल मी पाहिली," त्या म्हणाल्या. बायकोने चमकून वर पाहिलं, कारण हे वाक्य तिला नव्हतं. "दाराबाहेर खुंटीला असते. मी आत हात घालून पाहिला. माझ्या भांड्यांपेक्षा लख्ख आहे."

"आई, कधीकधी—"

"उगाच खोटं बोलू नका. तुम्हाला येत नाही. मघाशी कपाचं तर फारच वाईट जमलं." त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "रंग नाही द्यायचा मला. काही नाही द्यायचं. माझ्या स्वयंपाकघरात झाली आहेत. पाच महिने झाले. घासून घासून माझी बोटं सोलली, तरी वाढतातच. आधी मला पाहून पळायची तरी. आता पळतसुद्धा नाहीत. मीच 'जरा सरका' म्हणते."

बायकोला हसू फुटलं आणि त्याच हुंदक्यात रडूही. सासूबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले, पण त्यात जोर नव्हता.

"मग बोलवायचं नाही का मला?" पेस्टवाले म्हणाले.

"कशी बोलवणार? ती स्कूटर, तिच्यावर ते उताणं झुरळ! माझ्या दारात उभी राहिली असती तर गल्लीत काय राहिलं असतं माझं? सगळ्यांच्या कपाचे कान पुसलेत मी."

पेस्टवाल्यांना ह्या बाईंबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. त्यांनी मिक्सर एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आत दोन ठिपके सोडले, तोंड बांधलं आणि तो गॅलरीत ठेवला. दुपारी सासूबाई टेबलाशी बसून जेवल्या. दुसऱ्या घासाला म्हणाल्या, "मीठ कमी आहे," आणि बायकोने उठून त्यांना मिठीच मारली. त्यांना बिचाऱ्यांना काही कळेना. "अगं, मीठ दे," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी तिघं त्यांच्या घरी गेली, सासूबाई बसने आणि ही दोघं स्कूटरवरून. गावाच्या वेशीपाशी पेस्टवाल्यांनी झुरळाच्या चित्रावर चादर बांधली. गल्लीतल्या खिडक्या उघडल्याच.

"कोण आलंय हो?" समोरून एकीने विचारलं.

"जावई आलेत माझे," सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "जेवायला!" मग दार लावून घेतलं आणि टॉर्च स्वतःच्या हातात धरून पेस्टवाल्यांना खणन्‌खण दाखवला. त्यांनी तीन तास ठिपके लावले आणि "पुसायचे नाहीत" हे चार वेळा सांगितलं. मग ते खरंच जेवले, कारण सासूबाईंनी स्टोव्ह बाहेरच्या खोलीत नेऊन खरंच रांधलं होतं.

तीन आठवड्यांनी फोन वाजला. पेस्टवाल्यांनी उचलला आणि सवयीने म्हणाले, "देतो तिला."

"तिला नको. तुमच्याशीच बोलायचंय," सासूबाई म्हणाल्या. "झुरळं गेली. एकही दिसत नाही. पण जावईबापू, ते ठिपके मी पुसून टाकले हो. फार घाण दिसत होती."

"आई! चार वेळा सांगितलं होतं."

"ऐकलं होतं की मी. बहिरी नाहीये. पण आता एखादं मागे राहिलं असेल, तर बघायला नको का कुणी? तेव्हा रविवारी या. दोघंही या."

पेस्टवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला फोनमधला शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता.

"येतो," ते म्हणाले. "चादर आणतो बरोबर."

"चादर कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "चादर नका बांधू. समोरच्या चौघींना नंबर हवाय."