बक्षिसाची गाडी

आमच्या घरी बैल माझ्यापेक्षा चांगलं खातात. ही तक्रार नाही, सगळ्या येडगावला माहीत असलेली गोष्ट आहे. बैलांना उडदाची डाळ, गावठी अंडी, थंडीत बदाम. मला रात्रीचं उरलेलं कालवण. माझे मिस्टर हौशीराम गाडामालक आहेत, म्हणजे यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीसाठी बैल पाळतात. अशा माणसाचं घर नावालाच असतं, जीव सगळा गोठ्यात.

गेल्या वर्षी माझा लॅबचा कोर्स पुरा झाला आणि जुन्नरच्या एका लॅबमध्ये नोकरीही मिळाली. पण लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, म्हणून लॅब सकाळी सातला उघडते. आमच्या वस्तीवरून फाट्यापर्यंत चालत जाऊन एसटी धरली की जुन्नरला पोचायला साडेआठ होतात. लॅबच्या मॅडम भल्या. म्हणाल्या, "प्रतिभा, महिनाअखेरपर्यंत थांबते. नंतर मात्र मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

गिअरच्या गाडीचं लायसन माझ्याकडे होतं. माहेरी राजुरीला भावाच्या गाडीवर शिकले होते. आमच्या घरी एक जुनी मोटरसायकल आहे, पण ती वैरणीची. तिच्यावर सकाळी बैलांचं गवत येतं, त्यामुळे तिचा विषयच नव्हता.

"यंदा घाट मारला का पयली गाडी तुजी," हौशीराम म्हणाले. घाट म्हणजे गाडे पळतात तो चढ, आणि तो मारणं म्हणजे शर्यत जिंकणं. आमच्याकडे शर्यतीत पहिल्या नंबराला मोटरसायकल देतात, म्हणून मीही विश्वास ठेवला.

आणि मारला की हो घाट! आंबेगाव तालुक्यातल्या एका यात्रेत आमचा गाडा पहिला आला. भंडारा उधळून हौशीराम पिवळेधमक होऊन घरी आले. गाड्यातले आमचे भागीदार गोरखभाऊ शहाणे माणूस, त्यांनी बक्षिसाची ढाल घेतली आणि मोटरसायकल मोठ्या मनाने आम्हाला सोडली. ती टेम्पोतून उतरली तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. जिंकलेली गाडी माणूस मिरवत, चालवत आणतो.

गाडी लालभडक, सीट माझ्या कमरेच्या वर. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही, मागे बसायला जागा नाही. उभी करायला स्टँडसुद्धा नव्हता, शेवटी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. सासूबाई आरती घेऊन आल्या आणि ओवाळता ओवाळता थांबल्या.

"आगं, हिला डोळंच न्हाईत!"

डोळे नव्हते, कारण ती चिखलातून, उंचवट्यांवरून उड्या मारायच्या शर्यतीची गाडी होती. रस्त्यावर चालवायची नव्हतीच. स्टेजवर उठून दिसते म्हणून यात्रा कमिटीने बक्षिसाला ठेवली होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं मी मोठ्याने म्हणाले. हौशीरामांना ऐकूच गेलं नाही. ते गाडीसोबत फोटो काढत होते.

"दिवा काय, बसवून घिऊ," ते म्हणाले. "पप्पू कशाला हाये?"

पप्पूचं गॅरेज फाट्यावर आहे. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डोकं खाजवलं.

"वैनी, दिवा बसवीन. पर लावू कशावर? हिला बॅटरीच न्हाई."

मग स्कूटरची बॅटरी आली आणि तिला पट्टीने सीटखाली आवळलं. ट्रॅक्टरचा दिवा आला. हॉर्न टेम्पोचा बसवला, तो वाजला की पलीकडच्या हॉटेलातली माणसं बाजूला सरायची. आठवडाभर मी रोज विचारायचे, "झाली का?" आणि रोज उत्तर यायचं, "उंद्या." इंडिकेटर लावले तर गाडी सुरू केल्यावर हादऱ्याने एक गळून पडला. महिना संपत चालला होता आणि माझं डोकं त्या सायलेन्सरपेक्षा जास्त तापलं होतं.

दिव्यासाठी पप्पूने पुढची प्लास्टिकची पाटी काढली आणि मला हाक मारली. मी वाकून पाहिलं. पाटीमागे आधीच भोकं पाडलेली होती. एकात गंजलेला स्क्रू होता, बाजूला काळी टेप गुंडाळलेली वायर लोंबत होती.

"हितं आदी कुणीतरी दिवा लावला व्हता," पप्पू म्हणाला.

"कंपनीनंच ठिवली आसत्याल भोकं, सोईसाठी," हौशीराम म्हणाले. आशा फार चिवट असते.

जुन्नरला आरटीओचा कॅम्प लागला, तेव्हा गाडी पुन्हा टेम्पोत घालून नेली. तिथले साहेब शांत माणूस. त्यांनी दिवा पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला आणि दचकले.

"ताई, कष्ट दिसतायत, पण दिवे लावून ही गाडी रस्त्याची होत नाही. कंपनीने ती फक्त शर्यतीसाठी बनवलीय, रस्त्यासाठी मंजुरीच घेतलेली नाही. नंबर मिळणार नाही."

"सायेब, पयल्या नंबरात आलीय ती," हौशीराम म्हणाले.

"गाडी नाही, बैल आले," साहेब म्हणाले. "बैलांना नंबर लागत नाही."

परतीच्या वाटेवर हौशीरामांनी कमिटीला फोन लावला. तेव्हा कळलं, की मागल्या साली दुसऱ्या एका गाड्याने हीच गाडी दुसऱ्या यात्रेत जिंकली होती. नंबर मिळेना म्हणून त्या मालकाने ती या यात्रेला देणगी दिली. फोन ठेवला तेव्हा हौशीरामांचा चेहरा उजळला होता.

"आपुनबी तसंच करू! पुढच्या यात्रेला दिऊन टाकू. स्पीकरवर नाव पुकारत्याल, 'हौशीरामभाऊंकडून मोटरसायकल!' आपल्यालाबी मान, देवालाबी मान."

मला ती भोकं आठवली. त्या घरीही कुणाला तरी सांगितलं असणार, पहिली गाडी तुझी. तिनेही रोज विचारलं असणार, झाली का? मला इतका संताप आला की टेम्पोवाल्यासमोरच बोलले.

"खबरदार! दुसऱ्या कुणाच्या बायकोला आता ही गाडी बघत बसायला लावायची नाही. ती आपल्याच दारात राहील."

"आगं, पर आपल्या दारात तिचा उपेग काय?"

घरी आल्यावर मी ती पुन्हा गोठ्याच्या भिंतीला टेकवायला लावली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी उजाडायच्या आत आवरून ओसरीवर येऊन बसले. डबा भरलेला होता, मोबाईलवर मॅडमना लिहिलेला नकार होता, फक्त पाठवायचा राहिला होता. हौशीराम वैरणीच्या मोटरसायकलच्या कॅरिअरला दोरी बांधत होते. गवताची वेळ झाली होती. मी त्या गाडीकडे पाहत राहिले. नंबर आहे. दिवा आहे. विमा बैलांच्या खुराकासोबत न चुकता भरलेला आहे. इतके दिवस आम्ही अख्खा तालुका पालथा घातला होता, आणि रस्त्यावर चालणारी गाडी रोज माझ्यासमोरून गवत आणत होती.

मी उठले, दोरी सोडली आणि किल्ली घेतली.

"आगं! गवत कशावर आणू मी?"

मी गोठ्याकडे बोट दाखवलं. "ती हाय ना, पहिल्या नंबरची. शेतात तुम्हाला कोण नंबर विचारतोय?"

"तिला कॅरिअर न्हाई! भारा ठिवू कुठं?"

"पप्पूला सांगा, बसवून देईल."

ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "हौशा, दोरी घी आन् जा. बैल उपाशी हायेत."

मी हेल्मेट चढवलं आणि किक मारली. रस्ताभर राग येत राहिला, त्यांचा, कमिटीचा, आणि माझाही. निम्म्या वाटेवर तो कमी झाला, कारण गाडी छान पळत होती.

सातच्या आत पोचले. मॅडम कुलूप उघडत होत्या. त्यांनी माझ्या ओढणीला चिकटलेलं गवत काढलं.

"मिळाली का गं गाडी शेवटी?"

"मिळाली," मी म्हणाले. "घरीच होती."