फजरनंतरची पाच मिनिटं

फजरची नमाज झाली की पीरमहंमद डोक्यावरची टोपी तशीच ठेवून अंगणात यायचे, गाडीवरची ताडपत्री अर्धी दुमडायचे आणि चावी फिरवायचे. गाडी दोनदा घसा खाकरायची आणि चालू व्हायची. मग पाच मिनिटं गुरगुरत उभी. चार नाही, सहा नाही. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी नेऊन ते वेळ बघायचे, कारण मोतीबिंदूमुळे लांबचं दिसायचं नाही आणि जवळचंही धड दिसायचं नाही. पाच मिनिटं भरली की गाडी बंद, बोनेटवर एक थाप आणि ताडपत्री पुन्हा खाली.

आत त्यांच्या सुनेचा, नाझनीनचा, नेमका तेव्हा डोळा लागलेला असायचा. अडीच वर्षांची अंजुम रात्रभर कूस बदलत राहायची आणि पहाटे कुठे शांत व्हायची. तेवढ्यात अंगणात गुरगुर सुरू. पोरगी टक्क जागी व्हायची, "गाली, गाली," म्हणत आईच्या पोटावर चढून बसायची. नाझनीनने एकदा सासूपाशी तक्रार केली. मुमताजबी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना सांगून बघ की. मी चाळीस वर्षं सांगतीय."

त्यावर दोघी हसल्या आणि विषय तिथंच राहिला. आणि मग एका गुरुवारी गाडी बोललीच नाही. चावी फिरवली की नुसतं टक, टक. पीरमहंमदांनी सात-आठ वेळा फिरवून पाहिलं. नंतर टक व्हायचंही थांबलं.

नाझनीनचा नवरा परवेझ रांजणगावच्या कारखान्यात होता, महिन्यातून दोन रविवार पुणतांब्याला यायचा. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे हिशोब मांडला. दीड वर्षापूर्वीच नवी बॅटरी घातली होती, त्याआधीचीही अशीच गेली. गाडी चालते महिन्यातून दोनदा, तीही जेमतेम श्रीरामपूरपर्यंत. उभ्या गाडीला किती दिवस पोसायचं? राहात्याचा एक जण घ्यायला तयार आहे, या रविवारी बघायला येतोय. देऊन टाकू.

"आणि अंजुमला दम लागला तर?" नाझनीनने विचारलं.

"छगनचा टेम्पो आहे की."

छगनचा टेम्पो किती वेळात येतो हे तिला माहीत होतं. अंजुम आठ महिन्यांची असताना एका सकाळी तिची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली होती. गाडी तेव्हा महिनाभर जागची हलली नव्हती. परवेझ सुट्टीवर घरीच होता, चावी फिरवून फिरवून दमला. मग छगनला फोन. तो शेतावरून यायला पंचवीस मिनिटं लागली. ती पंचवीस मिनिटं नाझनीन ओट्यावर पोरीला खांद्याशी धरून उभी होती. बसली तर श्वास अडकेल असं तिला वाटत होतं, पोरीचाही आणि स्वतःचाही.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात ती सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. मला गाडी शिकायची आहे, म्हणाली. गल्लीत तोवर कुणाची सून गाडी चालवत नव्हती. पीरमहंमदांनी थोडा वेळ दाढी कुरवाळली आणि चावी तिच्या हातात दिली. सकाळी रस्ता रिकामा असताना तिच्या शेजारी बसून त्यांनीच तिला शिकवलं. क्लच सोडताना गाडी उडी मारायची तेव्हा ते डॅशबोर्ड धरायचे, पण ओरडले कधीच नाहीत. नजर अधू झाल्यावर त्यांनी स्वतः चालवणं सोडलं. तेव्हापासून गाडी तिची होती. आणि आता रविवारी ती विकली जाणार होती.

"मला एक शनिवार दे," तिने परवेझला सांगितलं. "चांगली बघून बॅटरी घेते. ही पण गेली तर मग मी एक अक्षर बोलणार नाही."

परवेझ हो म्हणाला, पण राहात्याच्या माणसाला नको असं काही त्याने कळवलं नाही.

शनिवारी छगनने टेम्पो अंगणात आडवा लावला, दोन जाड वायरी जोडल्या आणि टेम्पोच्या बॅटरीवर गाडी चालू करून दिली. "श्रीरामपूरपर्यंत बंद करू नका, वहिनी. वाटेत म्हशी आडव्या आल्या तरी गाडी चालूच ठेवायची." अंजुमला सासूपाशी ठेवून नाझनीन निघाली. शेजारी पीरमहंमद, मांडीवर हात घट्ट धरून. वाटेत ते फक्त एकदा बोलले. या वेळी मोठी घेऊ, म्हणाले. ट्रॅक्टरला असती तशी. मोठी लवकर मरायची नाही.

सूर्यभानचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. दुकान कसलं, बॅटऱ्यांच्या थप्प्यांमधून जाणारी एक वाट, आणि वाटेच्या टोकाला सूर्यभान. बोलका माणूस. बोलता बोलता त्याने बोनेट उघडलं, बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी भुकटी फुंकली आणि मीटर लावला. मीटर बघून तोंडाने चक् चक् केलं.

"संपलीय. आतून वाळलीय म्हणा."

पीरमहंमदांचं लक्ष तोवर वरच्या फळीवरच्या एका दांडग्या बॅटरीवर गेलं होतं. ती दाखवा, म्हणाले. सूर्यभानने ती खाली घेतली नाही. एक तर गाडीच्या चौकटीत ती बसणार नाही, त्याने समजावलं, आणि बसवली तरी उपयोग काय? हंडा मोठा आणला म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. तुमची गाडी पाणी भरते किती, आधी ते सांगा.

"म्हंजे?"

"म्हंजे गाडी फिरती किती?"

नाझनीनने सांगितलं, महिन्यातून दोनदा.

"आणि बाकीचे दिवस नुसती उभी?"

"उभी कशाला?" पीरमहंमद एकदम ताठ झाले. या प्रश्नाचीच वाट बघत असल्यासारखे. "रोज चालू करतो. फजरनंतर पाच मिनिटं. दीड वर्षात एक दिवस चुकवला न्हाई. ताप आल्ता तवासुद्दा उठून चालू केली."

सूर्यभानचा हात मीटरवरच थांबला. तो पहिल्यांदाच गप्प झाला, आणि त्याच्या गप्प होण्यावरूनच नाझनीनच्या काही तरी ध्यानात यायला लागलं.

पीरमहंमद मात्र रंगात आले होते. साखर कारखान्यात पंप-हाऊसवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. गाळपाचा हंगाम संपला की सगळे पंप सहा महिने उभे. पण उभे म्हणजे उभे सोडायचे नाहीत. ठरल्या दिवशी प्रत्येक पंप हाताने फिरवायचा, नाही तर आतून जाम होतो आणि ऐन हंगामात दगा देतो. त्यांच्या हातचा एक पंप कधी जाम झाला नाही. यंत्र जागं ठेवावं लागतं, एवढंच तर असतं.

"पंपाचं खरंय, बाबा," सूर्यभान हळू म्हणाला. त्याने स्टूल पुढे ओढलं, त्यांना बसवलं आणि स्वतः खाली उकिडवा बसला. "पण बॅटरीचं उलटं हाय. गाडी चालू करताना ती एकदम लई ताकद देती. ती परत भरायला गाडी अर्धा तास तरी पळाली पायजे. जागेवर पाच मिनिटांत घोटभर पण भरत न्हाई. म्हंजे रोज पेलाभर काढलं आन् रोज घोटभर टाकलं. दीड वर्ष टिकली हेच नवल."

दुकानातला पंखा घरघरत राहिला. नाझनीनला वाटलं, आपण मध्ये काही तरी बोलावं. मीच सांगितलं होतं रोज चालू करायला, असं म्हणून टाकावं. तिने तोंड उघडलंही. पण पीरमहंमदांनी हात वर केला.

"मीच मारली म्हना की मंग," ते म्हणाले.

सूर्यभानने मान खाली घातली आणि कामाला लागला. पुढचं सगळं नाझनीननेच ठरवलं. मोठी नको, होती त्याच मापाची हवी. सूर्यभानने पुढची एक उचलली, तिच्यावरचा छापा वाचला आणि परत ठेवली. ही दहा महिने पडून आहे, उभ्या गाडीला शिळी बॅटरी देत नाही मी, म्हणाला आणि मागून दुसरी आणली. गेल्या महिन्यातली. तारीख त्याने पीरमहंमदांच्या डोळ्यांजवळ धरली, पण त्यांनी पाहिल्यासारखं केलं नाही. जुनी बॅटरी त्याने ठेवून घेतली, नवीच्या टोकांना ग्रीस चोपडलं आणि नाझनीनला एकच गोष्ट दोनदा सांगितली. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, चांगली पळवायची. ते जमलं तर चार वर्षं इकडे फिरकायला लागणार नाही.

येताना पीरमहंमद बाहेर बघत बसले. उसाच्या ट्रॉल्या गेल्या, पेरूच्या बागा लागल्या. रस्त्याकडेला एक बाई पाटीत पेरू मांडून बसली होती. नाझनीनने गाडी कडेला घेतली.

"बंद करू नको," ते पटकन म्हणाले.

तिने चावी फिरवली. गाडी बंद झाली. एकाएकी एवढी शांतता झाली की पेरूवालीच्या बांगड्या ऐकू आल्या.

"इकून टाक, बेटा," पीरमहंमद समोर बघतच म्हणाले. "परवेझ बराबर सांगतोय. उगं माझ्या नादाला लागून हिचं वाटोळं झालं. मला वाटलं, मी तुमची सोय करतोय."

नाझनीनने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीत घेतले. गेली दीड वर्षं ती रोज सकाळी त्या गुरगुरीवर चिडत आली होती. ती कशासाठी असते हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तो म्हाताऱ्या माणसाचा नाद आहे, असं समजून तिने उशी कानावर ओढली होती. आणि हा माणूस त्या पंचवीस मिनिटांनंतर रोज उठून फक्त एवढंच बघत होता की गाडी चालू होते की नाही.

"अब्बा, डिसेंबरातली ती सकाळ आठवते का तुम्हाला?"

त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

"अंजुमचा श्वास पुन्हा चढला होता. मी तिला शालीत गुंडाळून बाहेर पळत आले. थंडी एवढी की तोंडातून वाफ येत होती. आणि गाडी चालूच होती. तुमची पाच मिनिटं चालली होती. तुम्ही काही विचारलं नाही, दार उघडून बाजूला झालात. मी बसले आणि गाडी फाटकाबाहेर. काच पुसायला लागली नाही, काही नाही. डॉक्टरांनी तिला वाफ दिली, आणि तासाभरात ही बया बिस्कीट मागत होती." ती थांबली. "बॅटरी गेली ती जाऊ द्या. ती एक सकाळ तुम्ही मला दिली. मी कधी बोलले नाही तुम्हाला. आज बोलते."

पीरमहंमदांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. आपल्या घरात अशा गोष्टी कुणी कुणाला बोलून दाखवत नाही, याचा अवघडलेपणा दोघांनाही जाणवत होता.

"चालू झाली नसती त्या दिवशी तर?" शेवटी ते म्हणाले.

"झाली ना."

तिने चावी फिरवली. या वेळी गाडीने घसा खाकरला नाही. पहिल्याच झटक्याला उठली. पेरूवालीने दचकून पाहिलं. पीरमहंमदांनी डॅशबोर्ड धरला, ती शिकत असताना धरायचे तसाच, आणि मग स्वतःशीच हसून सोडला.

"मला एकटीने लांब न्यायची अजून भीती वाटते," नाझनीन म्हणाली. हे खोटं नव्हतं, अर्धं तरी नव्हतंच. "दर शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज झाल्यावर राहात्याच्या रस्त्याने अर्धा तास जायचं आणि यायचं. तुम्ही शेजारी बसायचं, घड्याळ तुमच्याकडे. अंजुम मागे अम्मींच्या मांडीवर."

"तुझी सासू बसंल व्हय गाडीत?"

"पेरू घेऊन दिले तर बसतील."

घरी पोचल्यावर तिने परवेझला फोन लावला आणि फोन सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी बॅटरीची चूक सांगितली, स्वतःची म्हणून, काही न लपवता, आणि मग जुम्म्याच्या अर्ध्या तासाचं. परवेझचं उत्तर ऐकताना त्यांचा चेहरा सैल झाला. "तो राहात्याचा येणार न्हाई आता," फोन परत देत ते म्हणाले. "परवेझ म्हनला, घड्याळ नीट बघत जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरगुर झाली नाही. तरी अंजुम नेमकी त्याच वेळी जागी झाली आणि आईच्या पोटावर चढली. "गाली?"

नाझनीन तिला कडेवर घेऊन बाहेर आली. पीरमहंमद ओट्यावर बसले होते, टोपी डोक्यावर, चावी मुठीत. हातांना काय करावं ते कळत नसल्यासारखे. सुनेला पाहून ते उठले, ताडपत्री दुमडली आणि रुमालाने गाडीची पुढची काच पुसायला लागले. दिसत नव्हतं तरी कोपऱ्याकोपऱ्यातून.

"जुम्म्याला अजून किती दिवस हायेत?" त्यांनी विचारलं.

"पाच," नाझनीन म्हणाली, आणि नातीला त्यांच्या हातात दिलं.